ईएफ 60 असला तरी हृदयाची उजवी बाजू तपासून घ्या

ताई, तुमचा भाऊ 29 वर्षांचा. चौथ्या वर्षी टेट्रालॉजी ऑफ फॅलोचं, म्हणजे हृदयाच्या पडद्यात भोक आणि फुफ्फुसाकडची वाट अरुंद अशा जन्मजात दोषाचं, ऑपरेशन झालेलं. आता जिना चढताना दम लागतो, मधूनच धडधडतं आणि घरचे म्हणतात, 'भोक बुजवलंय ना, टेन्शन असेल.' माझंही हेच ऑपरेशन, सहाव्या वर्षी झालेलं. म्हणून कळकळीने सांगतो, अंगावर काढू नका.

या ऑपरेशनात भोकावर पॅच लावतात आणि फुफ्फुसाकडे जाणारी अरुंद वाट मोकळी करतात. वाट फारच अरुंद असली तर झडपेचं कडंच कापून त्यावर पॅच बसवावा लागतो. ओठ-नखांचा निळेपणा जातो, मूल वाचतं, पण ती झडप पुढे नीट मिटत नाही. पुढे गेलेलं रक्त थोडंथोडं मागे येतं आणि उजवा कप्पा वीस-तीस वर्षं तो भार निमूट सोसत फुगत जातो. शिवाय आतल्या व्रणांभोवती ठोक्यांची लय बिघडू शकते.

इकोत ईएफ (दर ठोक्याला कप्पा किती टक्के रक्त बाहेर ढकलतो तो आकडा) 60 आला म्हणून सगळे निर्धास्त आहेत, असं तुम्ही लिहिलंय. तो आकडा डाव्या कप्प्याचा! मीही त्याच आकड्यावर नऊ वर्षं विसंबून राहिलो. उजव्या कप्प्याचं नेमकं माप कार्डिॲक एमआरआयमध्ये कळतं. ईसीजीत क्यूआरएसची (खालच्या कप्प्यांत विद्युत-लहर पसरताना उमटणाऱ्या टोकाची) रुंदी किती, तेही विचारा. 180 मिलिसेकंद किंवा जास्त असेल तर जिवावर बेतणाऱ्या लयदोषाचा धोका वाढतो. होल्टरही, म्हणजे दिवस-रात्र ठोके नोंदवणारं छोटं यंत्र, लावून घ्या.

आईने माझं डिस्चार्ज कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत जपलं होतं. घड्यांवर विरलेलं, शाई उडालेली, पण 'ट्रान्सॲन्युलर पॅच' (झडपेचं कडं कापून लावलेला तोच पॅच) एवढं वाचता आलं आणि नव्या डॉक्टरांनी तिथूनच सुरुवात केली. तुमच्याकडचं कार्ड आजच शोधा. डॉक्टर मात्र जन्मजात हृदयविकाराचे मोठे झालेले पेशंट बघणारेच हवेत. तसे जवळपास नसतील तर मोठ्या केंद्रातल्या लहान मुलांच्या हृदयतज्ज्ञांना विचारा, संकोच नको.

माझी झडप 38 व्या वर्षी छाती उघडून बदलली. काहींची जांघेतून कॅथेटरने बसवता येते. कप्पा फार फुगल्यावर बदलली तर तो पूर्ववत होईलच असं नाही, म्हणून ही घाई.

धडधड सुरू असतानाच जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढून घ्या. भोवळ आली, शुद्ध हरपली तर रात्र असली तरी थेट कॅज्युअल्टी गाठा. कार्डाचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये असू द्या.