नुसत्या नॉकआऊटच्या रील बघू नकोस

गड्या, काल बॉक्सिंगच्या सरावानंतर परभणीच्या स्टेडियमबाहेर चहा पिताना तू मला रीलवर रील दाखवत होतास. त्यात शेवटचा ठोसा दिसतो, माणूस दिसत नाही. अख्खी लढत बघ, तीही आवाज बंद करून.

सुरुवात आफ्रिकेतल्या किन्शासा शहरातल्या मुहम्मद अली-जॉर्ज फोरमन लढतीपासून कर, 30 ऑक्टोबर 1974. नाचऱ्या पायांचा अली तिथं दोरांना टेकून फोरमनला मारू देतो. तू फोरमनच्या हातांवर नजर ठेव. दुसऱ्या फेरीत घणासारखे येतात. सातव्यात दिवसभर तूर कापून आलेल्या गड्यासारखे जड. आठव्यात खेळ खलास.

मग 1985 ची मार्विन हॅगलर-थॉमस हर्न्स लढत. तीनच फेऱ्या, चहा निवायच्या आत संपते. हर्न्सचा उजवा हात पहिल्याच फेरीत मोडला, हॅगलरचं कपाळ फुटलं. तिसऱ्या फेरीत डॉक्टर जखम बघून गेले, अन् आता लढत थांबवतील म्हणून हॅगलर सरळ अंगावर धावला. त्याचा स्वभाव तिथं कळतो.

अली अन् जो फ्रेझरची 1975 ची मनिलातली लढत इतक्यात नको. डोळे मिटत आलेला फ्रेझर पंधराव्या फेरीला निघालेला, अन् त्याचा कोच एडी फच त्याला खाली बसवतो. ती बघितली त्या रात्री मला झोप लागली नव्हती. आधी चार महिने स्वतः मार खा, मग बघ.