शिकागो व्हाइट सॉक्स २०२६ मध्ये पुन्हा शंभर सामने हरतील का?

प्रश्न असा आहे: "नोकरीसाठी शिकागोला आलोय. क्रिकेट कळतं, बेसबॉल नुकताच बघायला लागलोय. ऑफिसात व्हाइट सॉक्सचे चाहते रोज भांडतात. अर्धे म्हणतात यंदाही शंभर हार नक्की, उरलेले म्हणतात पोरं तयार झालीत, प्लेऑफ गाठणार. हंगाम सुरू व्हायच्या आत खरं काय ते कसं ओळखायचं?"

दोन्ही बाजूंनी थोडं थोडं चुकतंय, पण प्लेऑफवाले जास्त चुकतायत. माझा आकडा ६८ विजय, ९४ हार. तो कुठून आला ते सांगतो, म्हणजे कुठल्याही संघाचा हिशेब तुम्हाला स्वतःला करता येईल.

निराशावाद्यांचा राग समजण्यासारखा आहे. २०२३ मध्ये १०१ हार, २०२४ मध्ये १२१, २०२५ मध्ये १०२. १२१ हा आधुनिक काळातला एका हंगामातल्या पराभवांचा विक्रम. १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सच्या नावावर १२० होते. तिन्ही वर्षांचे विजय एकत्र केले, ६१, ४१ आणि ६०, तर बेरीज बरोबर १६२ येते. म्हणजे तीन वर्षांत मिळून एका हंगामात जितके सामने असतात तितकेच जिंकले. पोप लिओ चौदावे याच संघाचे चाहते आहेत, तरी फरक पडला नाही.

पण २०२४ चा संघ आणि २०२५ चा संघ एकाच मापाने मोजू नका. गुणतालिकेत विजय दिसतात, संघाची ताकद मात्र धावांत दिसते. बेसबॉलमध्ये यासाठी एक सोपं सूत्र आहे, त्याला पायथागोरसचं सूत्र म्हणतात: केलेल्या धावांचा वर्ग घ्या आणि त्याला केलेल्या व दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागा. येईल ते विजयाचं प्रमाण. २०२५ मध्ये सॉक्सने ६४७ धावा केल्या, ७४२ दिल्या. वर्ग ४,१८,६०९ आणि ५,५०,५६४. प्रमाण ०.४३२. गुणिले १६२, म्हणजे ७० विजय. प्रत्यक्षात झाले ६०.

तोंडी हिशेब करायचा असेल तर दहा धावांचा फरक म्हणजे साधारण एक विजय असं धरा. सॉक्स ९५ धावांनी मागे होते, म्हणून ८१ मधून साडेनऊ वजा करा. ७१ च्या आसपास येता. हेच गणित त्याच वर्षीच्या कोलोराडो रॉकीजला लावून बघा. ५९७ धावा केल्या, १०२१ दिल्या. सूत्र सांगतं ४१ विजय, प्रत्यक्षात ४३. रॉकीज खरोखरच तेवढे वाईट होते. सॉक्स नव्हते.

मग दहा विजय गेले कुठे? बहुतेक एका धावेच्या फरकाने संपलेल्या सामन्यांत. २०२५ मध्ये असे सामने सॉक्सनी १५ जिंकले आणि ३६ हरले. एका धावेच्या सामन्यांतलं यशापयश पुढच्या वर्षी फारसं टिकत नाही, त्यात नशिबाचा भाग मोठा असतो. मात्र सगळं खापर नशिबावर फोडणाऱ्या आशावाद्यांशी मी सहमत नाही. सामना नऊ इनिंगचा असतो, आणि बरोबरीच्या सामन्यात आठव्या-नवव्या इनिंगला कोण चेंडू टाकतो, हा नशिबाचा प्रश्न नाही. बुलपेन, म्हणजे शेवटच्या इनिंग टाकणाऱ्या पिचरांचा (गोलंदाजांचा) ताफा, कच्चा असेल तर असे सामने हातचे जातातच. यंदा तिथे सेरँथनी डोमिंगेझला दोन वर्षांच्या करारावर आणलंय. सुधारणा आहे, पण एकट्याने बुलपेन बनत नाही. म्हणून दहाच्या दहा विजय परत येतील असं न धरता सात-आठ धरावेत.

सूत्राने सांगितलेले ७० दुसऱ्या वाटेनेही येतात. गेल्या वर्षी ऑल-स्टार विश्रांतीपर्यंत (जुलैच्या मध्यावरची सुट्टी) संघ ३२-६५ होता, त्यानंतर २८-३७. उत्तरार्धाचा तो वेग पूर्ण हंगामाला लावला तर पुन्हा ७० येतात. दोन वेगळ्या रीतींनी एकच उत्तर आलं की मी त्यावर बऱ्यापैकी विसंबतो.

उत्तरार्ध बदलला तो मुख्यतः कोल्सन मॉन्टगोमेरीमुळे. हा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) ४ जुलैला आला आणि ७१ सामन्यांत २१ होम रन (आपल्या षटकारासारखे फटके) मारले. ऑफिसातले आशावादी याचा गुणाकार करून ४८ होम रन सांगत असतील. असा गुणाकार करू नका. नव्या बॅटरला पहिल्या दोन महिन्यांत पिचर ओळखत नसतात. हिवाळ्यात त्याचे सगळे व्हिडिओ पाहून दुसऱ्या वर्षी ते तयारीने येतात. त्याचं स्ट्राइकआउटचं (तीन स्ट्राइकवर बाद होण्याचं) प्रमाण २९ टक्क्यांच्या घरात होतं आणि सरासरी, म्हणजे यशस्वी फटक्यांचं प्रमाण, .२३९. अशा बॅटरला पंधरा-पंधरा दिवसांचा कोरडा काळ येतोच. ३० होम रन झाले तरी मी खूश असेन. काइल टील मला जास्त भरवशाचा वाटतो. ७८ सामन्यांत सरासरी .२७३, बेसवर पोहोचण्याचं प्रमाण .३७५, आणि तो कॅचर (यष्टिरक्षकासारखा) आहे. कॅचरकडून एवढी बॅटिंग सहसा मिळत नाही. टील, चेस माइड्रॉथ, आउटफिल्डचा होतकरू ब्रेडन मॉन्टगोमेरी आणि पिचर विकेलमन गोन्झालेझ हे चौघे गॅरेट क्रॉशेला बोस्टनला देऊन मिळाले. क्रॉशेने तिथे पहिल्याच वर्षी १८ सामने जिंकून २५५ स्ट्राइकआउट घेतले, म्हणून काही चाहते अजून हळहळतात. पण १२१ हारलेल्या संघाला एक उत्तम पिचर फारसा पुढे नेत नाही, चार पोरं नेऊ शकतात. तो सौदा योग्यच होता.

मुनेताका मुराकामीवर मात्र दोन्ही गट आंधळेपणाने बोलतात. दोन वर्षांचे ३ कोटी ४० लाख डॉलर. शिवाय त्याच्या जपानी संघाला, याकुल्ट स्वालोजला, पोस्टिंग शुल्क वेगळं. पहिल्या अडीच कोटींवर २० टक्के आणि वरच्या ९० लाखांवर साडेसतरा टक्के, म्हणजे ६५ लाख ७५ हजार. २०२२ मध्ये त्याने जपानमध्ये ५६ होम रन मारले होते. तरीही एवढ्या ताकदीचा, तिशीही न गाठलेला बॅटर इतक्या कमी वर्षांवर मिळाला, याला कारण आहे. स्ट्राइक झोनमधल्या, म्हणजे मारता येण्याजोग्या पट्ट्यातल्या, चेंडूंवरही त्याची बॅट बऱ्याचदा हुकते आणि अमेरिकेत जलद चेंडू जपानपेक्षा जास्त जलद येतात. त्याचे होम रन मोजू नका. पहिल्या दीडशे पाळ्यांत तो किती वेळा स्ट्राइकआउट होतो ते मोजा. ३० टक्क्यांच्या आत राहिला तर सौदा सोन्याचा. ३५ च्या पुढे गेला तर त्याच्या फटक्यांच्या चित्रफिती खूप फिरतील आणि संघाच्या धावा वाढणार नाहीत. दुसरीकडे लुईस रॉबर्टला जानेवारीत मेट्सकडे पाठवलं. २०२५ मध्ये त्याची सरासरी .२२३ होती, पण सेंटर फील्डमध्ये तो जेवढी जमीन झाकायचा तेवढी झाकणारा दुसरा सध्या संघात नाही. बदल्यात आलेला लुईसएंजल अकुन्या वेगवान आहे, फटक्यात जोर कमी.

आता खरा मुद्दा, ज्यावर ऑफिसात बहुधा कुणी बोलत नसेल: इनिंग कोण टाकणार?

एका हंगामात संघाला सुमारे १४५० इनिंग टाकाव्या लागतात. स्टार्टरने, म्हणजे सामना सुरू करणाऱ्या पिचरने, दर सामन्यात सव्वापाच टाकल्या तर साडेआठशे त्यांच्याकडून यायला हव्यात. कागदावर पाच स्टार्टर असतात. प्रत्येकाने १३० टाकल्या तर ६५० झाल्या. उरलेल्या दोनशे सहाव्या ते दहाव्या क्रमांकाच्या पिचरांनी टाकायच्या. वाईट संघ मरतो तो इथे. पाचव्या पिचरचा खांदा दुखावतो, दुय्यम संघातून कुणीतरी येतो, चौथ्या इनिंगला सहा धावा देऊन बाहेर जातो. मग बुलपेनला पाच इनिंग ओढाव्या लागतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थकलेला बुलपेन जिंकता येण्यासारखा सामना घालवतो. पराभव तिसऱ्या दिवशीचा दिसतो, कारण पहिल्या दिवशीचं असतं.

२०२५ मध्ये सॉक्सच्या एकाही पिचरने दीडशे इनिंग टाकल्या नाहीत. सर्वात जास्त शेन स्मिथच्या, १४६ आणि एक तृतीयांश. हा पिचर रूल-फाइव्ह ड्राफ्टमधून, म्हणजे दुसऱ्या क्लबांच्या दुय्यम खेळाडूंच्या निवडीतून, एक लाख डॉलरला उचललेला. या नियमानुसार त्याला अख्खं वर्ष मुख्य संघात ठेवावंच लागतं, नाहीतर जुन्या संघाला अर्ध्या किमतीत परत देऊ करायचं. तो थेट ऑल-स्टार झाला, ३.८१ ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी). पण आधीच्या वर्षापेक्षा त्याने खूपच जास्त इनिंग टाकल्या, आणि अशा उडीनंतर दुसऱ्या वर्षी हात थकलेला दिसला तर आश्चर्य मानू नका. ड्रू थॉर्पच्या कोपरावर मार्च २०२५ मध्ये टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. तिथून परतायला बारा ते अठरा महिने धरतात, म्हणजे हंगामाच्या सुरुवातीला तो मोजायचा नाही. डावखुरा नोआ शुल्ट्झ गेल्या वर्षी गुडघ्याने बेजार होता. जपानमधून अँथनी के याला आणलंय, तो उपयोगी पडेल. तरी ही फळी पातळच.

आशावादी तुम्हाला दोन दाखले देतील, आणि दोन्ही खरे आहेत. मिनेसोटा ट्विन्स २०१६ मध्ये १०३ हरले आणि २०१७ मध्ये ८५ जिंकून प्लेऑफला गेले. कॅन्सस सिटी रॉयल्स २०२३ मध्ये १०६ हरले, २०२४ मध्ये ८६ जिंकून गेले. दोघंही सॉक्सच्याच डिव्हिजनमधले, म्हणजे पाच संघांच्या गटातले. पण रॉयल्सनी त्या हिवाळ्यात काय केलं ते पाहा: सेथ लुगोला तीन वर्षांचे साडेचार कोटी, मायकल वाकाला दोन वर्षांचे ३ कोटी २० लाख डॉलर दिले. लुगोने २०६ इनिंग टाकल्या आणि रॉयल्सच्या पहिल्या चार स्टार्टरांनी मिळून सुमारे ७४०. त्यांचा शॉर्टस्टॉप बॉबी विट भन्नाट खेळला हे खरंच, पण त्याच्याआड ही चौकडी रोज सहाव्या इनिंगपर्यंत उभी होती. सॉक्सनी यंदा असे दोन टिकाऊ स्टार्टर विकत घेतलेले नाहीत. पैसा नाही असं नव्हे. या क्लबचा आजवरचा सर्वात मोठा करार आउटफिल्डर अँड्र्यू बेनिन्टेंडीचा, पाच वर्षांचे साडेसात कोटी. शिकागोसारख्या शहरातल्या क्लबला हे शोभत नाही. मालक जेरी राइन्सडॉर्फ १९८१ पासून आहेत. गुंतवणूकदार जस्टिन इशबियांशी झालेल्या करारानुसार २०२९ च्या आधी नियंत्रण इशबियांकडे जाणार नाही. तेव्हा तिजोरी उघडेल या आशेवर २०२६ चा अंदाज बांधू नका.

गेल्या वर्षी अमेरिकन लीगची शेवटची वाइल्ड कार्ड जागा, म्हणजे डिव्हिजन न जिंकता प्लेऑफ गाठण्याची जागा, ८७ विजयांना गेली. ६० वरून तिथे पोहोचायला २७ ची उडी हवी. डिव्हिजनमध्ये क्लीव्हलँड ८८, डेट्रॉइट ८७, कॅन्सस सिटी ८२. मिनेसोटा मात्र ७० वर घसरलं, कारण जुलैत त्यांनी अर्धा संघ विकला. डिव्हिजनमधल्या प्रत्येकाशी १३ सामने असतात. चौथा क्रमांक हे यंदाचं वाजवी ध्येय आहे, आणि तो ट्विन्सविरुद्धच्या तेरा सामन्यांत ठरेल.

आता सत्तर का नाही, ६८ का? दोन विजय मी कच्चा बुलपेन आणि उन्हाळ्यातली ट्रेडची (खेळाडूंच्या अदलाबदलीची) मुदत यांसाठी कापलेत. संघ तेव्हा शर्यतीबाहेर असेल तर अनुभवी पिचर विकले जातील, डोमिंगेझ चांगला खेळला तर सर्वात आधी तोच, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये शेवटच्या इनिंग पुन्हा नवख्यांच्या गळ्यात पडतील. नवोदितांच्या ड्राफ्टमधली पहिली निवड लॉटरीत सॉक्सला मिळालीय म्हणून उड्या मारणाऱ्यांना सांगा, तो मुलगा जुलैत निवडला जाईल. यंदाच्या संघाला त्याचा उपयोग शून्य. २०२४ च्या १२१ पराभवांनंतर तर लॉटरीतच बसता आलं नव्हतं, कारण मोठ्या उत्पन्नाच्या क्लबला लागोपाठ दोन वर्षं लॉटरीतली जागा मिळत नाही. दहावी निवड घ्यावी लागली.

ॲरिझोनातल्या सराव सामन्यांचे निकाल सोडून द्या. पाचव्या इनिंगनंतर पाठीवर ऐंशी-नव्वदचे आकडे घातलेली, मुख्य संघात नसलेली पोरं खेळत असतात. मेअखेर, साधारण पंचावन्न सामने झाले की तीन गोष्टी बघा: धावांचा फरक उणे तीसच्या आत आहे का, स्टार्टर सरासरी पाच इनिंग पूर्ण करतात का, आणि तोवर एकूण किती जणांनी सामना सुरू केलाय. तिसरा आकडा सात किंवा कमी असेल तर माझे ६८ कमी पडतील, ७५ सुद्धा होऊ शकतात. दहाच्या वर गेला तर निराशावाद्यांची शंभरी खरी ठरण्याचा धोका आहे, मग कोल्सन मॉन्टगोमेरीने कितीही चेंडू स्टँडमध्ये भिरकावलेले असोत.