आधी घरी जा

प्रिय लेकी,

प्रभूमध्ये सलाम.

गेल्या रविवारी उपासना सुटल्यावर पोर्चमध्ये तू माझ्या हातात नऊ पानं कोंबलीस आणि स्कूटीवर बसून निघून गेलीस. ‘मंडळीची पाच वर्षांची योजना’. रात्री सगळी वाचली. प्रोजेक्टर, कीबोर्ड, नवा साउंड, महिन्यातून एक इंग्रजी उपासना, मोबाइलवरून थेट प्रक्षेपण. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलं आहेस, ‘अंकल, हे होणार नसेल तर मी पुण्याच्या फेलोशिप चर्चला जाते. आणि आपण आहोत तरी नेमके कोण?’

दुसरा प्रश्न आधी उरकतो. कागदोपत्री आपण सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एक झाल्या, त्यात आपली अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतली, मंडळीही मिसळली. मूळ मात्र सीएमएसचं, म्हणजे चर्च मिशनरी सोसायटीचं. ती संस्था १७९९ मध्ये लंडनला निघाली, १८२० मध्ये मुंबईत आली, १८३२ मध्ये नाशकात, आणि पुढे तिथंच शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती वसली. हे लोक अँग्लिकनांतले इव्हँजेलिकल. झगा, वेदी, घंटा यांपेक्षा वचन मोठं, आणि ते घेऊन माणसाच्या दारापर्यंत जायचं, ही त्यांची रीत. म्हणजे आपण कोण, तर दारापर्यंत जाणाऱ्यांची नातवंडं. आता तुझ्या नऊ पानांत ‘दार’ हा शब्द किती वेळा आलाय ते शोध. मी शोधला. मुख्य दाराला रंग द्यायचाय, तेवढ्यात एकदा.

रागावू नकोस. तुझा कीबोर्ड येऊ दे, मी समितीत हात वर करीन. पण आधी घरी जा.

केंब्रिजच्या चार्ल्स सिमियनबद्दल तुला मी एकदा सांगायला लागलो होतो, तेव्हा तुझा फोन वाजला. सीएमएस ज्यांनी उभी केली त्यांतला हा एक. १७८२ मध्ये तेविशीत त्याला होली ट्रिनिटी चर्च मिळालं, आणि तिथल्या लोकांना तो मुळीच नको होता. त्या काळी बाकं घराण्यांच्या मालकीची असत, दारं-कुलपांसकट. मालकांनी बाकांना कुलपं लावली आणि स्वतः यायचे बंद झाले. यानं पदरच्या पैशानं मधल्या वाटेत बाकडी टाकली, तर ती उचलून बाहेर फेकली. तो हलला नाही. १८३६ मध्ये वारला तेव्हाही त्याच चर्चचा पाळक होता. चोपन्न वर्षं! तू संडे स्कूल घ्यायला लागून दोन वर्षं झाली आणि ‘इथं काही बदलत नाही’ म्हणतेस. पण मला सांगायचंय ते वेगळंच. होली ट्रिनिटी मिळण्याआधीच्या उन्हाळ्यात तो दुसऱ्या एका चर्चमध्ये बदली पाळक म्हणून उभा राहिला होता आणि त्या भागात घरोघर जाऊन लोकांची विचारपूस करत होता. चर्च इतकं भरायला लागलं की मूळ पाळक रजेवरून परतल्यावर तिथला कारकून म्हणाला म्हणे, बरं झालं साहेब आलात, आता जरा जागा तरी होईल. कीबोर्ड नव्हता त्याच्याकडे.

आपली छापील उपासना कोरडी वाटते म्हणतेस. मलाही वाटायची. पण शरणपूरला शिकलेल्या जेकब वेनराइटचं ऐक. गुलामगिरीतून सुटलेला आफ्रिकन मुलगा. १८७३ मध्ये आजच्या झांबियात मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा त्याचं हृदय तिथंच झाडाखाली पुरताना ह्या नाशिकच्या पोरानं दफनविधीच्या प्रार्थना वाचल्या. मग लिव्हिंग्स्टनचे सोबती सूसी आणि चुमा, हा आणि बाकीचे तो देह खांद्यावर घेऊन कित्येक महिने चालत समुद्रापर्यंत गेले. पुढं वेस्टमिन्स्टर ॲबेत शवपेटी धरणाऱ्यांत जेकब होता. मेलेल्या माणसासाठी ते एवढं चालले, आणि आपल्याला जिवंत माणसासाठी रेल्वे फाटकाच्या पलीकडे जाणं होत नाही.

‘आपल्याला’ म्हणालो, पण खरं तर ‘मला’.

हंगामाच्या सणाला लोक आणतात त्या पिकाचा लिलाव तुला लहानपणापासून ठाऊक आहे. फाटकापलीकडचे एक आजोबा दर वर्षी भोपळा आणायचे. धुतलेला, वर खडूनं स्वतःचं नाव. शंभराचा भोपळा चढत चढत पाचशेला जायचा आणि ते मागच्या बाकावर गालात हसायचे. एका वर्षी भोपळा आला नाही. ते माझ्या लक्षात आलं होतं, हेच तर वाईट आहे. मी सेक्रेटरी, हातात छताच्या पत्र्यांची बिलं, मनात म्हटलं, पुढच्या आठवड्यात जाऊन येऊ. मग ठेकेदार पळाला. मग नाताळ. मग पास्टरेट कमिटीची निवडणूक. जानेवारीत त्यांचा मुलगा आला तो कबरीची जागा विचारायला. पाच महिने अंथरुणावर होते. रजिस्टरमध्ये दफनाची नोंद माझ्याच हातची आहे, सुवाच्य अक्षरात.

आता तू म्हणशील, अंकल, मग छत कोणी बदललं असतं? बरोबर. सात पावसाळे वेदीवर बादल्या ठेवून काढलेत आम्ही. छत झालं नसतं तर तुझा प्रोजेक्टर कशाला टांगला असतास? वर्गणीसाठी मी दहा जणांचे उंबरे झिजवले, शिव्या खाल्ल्या. पण बघ ना, पैशासाठी मी दारोदार गेलोच की. म्हणजे वेळ होता. हे कळायला मला सत्तरी गाठावी लागली, तुला पंचविशीत फुकट सांगतोय तर ‘जुन्या लोकांचं तेच तेच’ म्हणून तोंड फिरवू नकोस. तेच तेच आहे. घरी जा.

चाळीस टाळकी येतात म्हणून रडतेस, आणि रजिस्टरात कुटुंबं आहेत एकशे बारा. बाकीची कुठं आहेत, विचारलंस कोणाला? एकजण कारखान्यात रविवारची पाळी करतो. एक घर आपल्याच कमिटीच्या भांडणातून तुटलं. त्या भांडणात चूक माझी होती असं मी अजून मानत नाही, तरी त्यांच्याकडे जायला हवं होतं. पुण्याला खुशाल जा, तिथंही प्रभूच आहे. पण निघण्याआधी ही एकशे बारा घरं करून जा. आठवड्याला दोन केलीस तरी वर्षाहून थोड्याच जास्त दिवसांत होतात. बायबल पिशवीत असू दे, पहिल्या भेटीत बाहेर काढलंच पाहिजे असं नाही. योजनेचे कागद नेऊ नकोस. चहा देतील तो पी, साखर जास्त असली तरी.

सुरुवात त्या आजोबांच्या घरापासून कर. आजी अजून आहेत. शनिवारी चारनंतर जा, आधी त्या झोपलेल्या असतात. ऐकू कमी येतं, पुढची कडी वाजवून उपयोग नाही. गोठ्याच्या बाजूनं मागच्या दारी जा आणि त्यांना दिसशील अशी उभी राहा. मी पाठवलं म्हणून सांगू नकोस.

तुझा अंकल