काळा पडलेला अंगठा आणि ‘गुडघ्याखालून पाय काढू’ : सही करण्याआधी काय विचाराल

तुम्ही लिहिलंय : बाबा ६१ वर्षांचे, मधुमेह १८ वर्षांचा. उजव्या अंगठ्याखाली तीन महिन्यांपासून जखम, एक दिवसाआड ड्रेसिंग, अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. आता अंगठ्याचं टोक काळं पडून वाळलंय आणि डॉक्टर म्हणतात, गुडघ्याखालून पाय काढलेला बरा. दुसरं मत घ्यावं का?

घ्या. पण त्याआधी पाय आत्ता नीट बघा. लाली वर सरकतेय का? घाण वास, पू, काळ्या भागाभोवती ओलसर फोड? थंडी, गुंगी, साखर एकाएकी वाढलेली? यातलं काहीही असेल तर पुढचं वाचत बसू नका, आजच त्यांना मोठ्या रुग्णालयात न्या. ओलं गँगरीन, म्हणजे मेलेल्या भागात संसर्ग शिरलेला असणं, काही तासांत वर चढतं आणि आतला पू त्याच दिवशी मोकळा करावा लागतो. ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका. मधुमेह्यांमध्ये गंभीर संसर्ग असूनही कधी कधी ताप येत नाही.

तुमच्या वर्णनावरून हे कोरडं गँगरीन वाटतंय, म्हणजे रक्त न पोचल्याने वाळलेला, पण संसर्ग नसलेला भाग. तसं असेल तर विचारायला थोडे दिवस मिळतात. नक्की काय ते पाय बघणारेच सांगतील.

मला मधुमेह होऊन २३ वर्षं झाली. उजव्या पायाची दोन बोटं मी गमावली आहेत. पुढे डाव्या पायाला जवळपास त्याच जागी जखम झाली, तेव्हा एकही बोट गेलं नाही. साखर दोन्ही वेळा साधारण सारखीच होती. दुसऱ्या वेळी दोन प्रश्न पहिल्याच आठवड्यात विचारले गेले, एवढाच फरक. या बोटापर्यंत रक्त पोचतंय का? आणि या जखमेवर अजून वजन पडतंय का? पहिल्या वेळी चार महिन्यांत ते कुणी विचारले नाहीत, आणि ते विचारायचे असतात हे मलाही ठाऊक नव्हतं.

आधी रक्ताचं बघू. घोट्याला आणि दंडाला पट्टा बांधून दाब मोजतात आणि घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबाने भागतात, ती चाचणी बाबांची झालीही असेल. पण जुन्या मधुमेहात, त्यातून किडनी बिघडलेली असेल तर जास्तच, घोट्याच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचून त्या कडक होतात. पट्ट्याने त्या नीट दबत नाहीत आणि आकडा छान येतो. १.३ च्या वर आलेला आकडा चांगला नसतो, निरुपयोगी असतो. १.० सुद्धा फसवू शकतो. बोटांतल्या वाहिन्या सहसा इतक्या कडक होत नाहीत, म्हणून बोटाला छोटा पट्टा लावून दाब मोजतात; अंगठा काळा असेल तर शेजारच्या बोटाला. हा दाब ३० च्या (मिमी पारा, रक्तदाबाचंच एकक) खाली असेल तर नुसत्या मलमावर आणि ड्रेसिंगवर जखम भरण्याची आशा फार थोडी. आधी तिथे रक्त आणावं लागतं.

माझा अंगठा ही मोजणी न करताच काढला होता. टाक्यांची जागा भरेचना आणि शेजारचं बोट काळवंडायला लागलं. मग दुसऱ्या ठिकाणी दाब मोजला, तो २४ निघाला. पोटरीतल्या दोन रक्तवाहिन्यांची अँजिओप्लास्टी झाली, म्हणजे आत फुगा फुगवून त्या मोकळ्या केल्या. ते दुसरं बोट वाचलं नाही, पण उरलेली जखम त्यानंतर सहा आठवड्यांत मिटली. आधी रक्त आणि मग चाकू, असा क्रम असता तर काय झालं असतं, हे माझ्या मनातून अजून जात नाही. म्हणून तुम्हाला इतकं आग्रहाने सांगतेय.

तेव्हा बाबांच्या डॉक्टरांना थेट विचारा : बोटातला दाब किती आहे? व्हॅस्क्युलर सर्जनने, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जनने, पाय बघितलाय का? गुडघ्याखालच्या वाहिन्यांची अँजिओग्राफी (डाय सोडून काढलेलं रक्तवाहिन्यांचं चित्र) झालीय का? वाट फुग्याने मोकळी करता येते, किंवा पायातलीच शीर वापरून बायपास करता येतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेस्ट-सीएलआय या मोठ्या चाचणीत, ज्यांच्या पायात बायपासजोगी चांगली शीर होती त्यांना आधी बायपास केल्याचा फायदा फुग्यापेक्षा जास्त दिसला. सगळ्यांना तो झेपत नाही, पण प्रश्न विचारायला हवा. क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी) वाढलेलं असेल तर अँजिओग्राफीच्या डायबद्दल आधीच बोला. त्यावर उपाय असतात, पाय काढण्याचं ते कारण होऊ शकत नाही.

दुसरा प्रश्न वजनाचा, आणि तो घरातल्यांच्या हातातला आहे. जखम दुखत नाही, म्हणून बाबा चालतात. बाथरूमपर्यंत, दारापर्यंत, फोन घ्यायला. प्रत्येक पाऊल जखमेच्या बरोबर मध्यावर पडतं. कुष्ठरोगात बोटं झडतात असा पूर्वी समज होता. वेल्लोरला काम करताना पॉल ब्रँड या सर्जननी दाखवलं की बोटं आपोआप झडत नाहीत. दुखणं कळत नसल्यामुळे ती भाजतात, ठेचतात, झिजतात आणि जातात. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाचंही असंच होतं. ब्रँड पुढे अमेरिकेत गेले आणि वजन संपूर्ण तळव्यावर व पोटरीवर वाटून देणारं गुडघ्याखालचं प्लॅस्टर तिथे मधुमेह्यांसाठी रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. तळव्यावरच्या बधिर जखमेला, रक्तपुरवठा ठीक असेल आणि मोठा संसर्ग नसेल तर, आजही याच्या तोडीचा उपाय नाही.

‘काढता येणारा बूट दिलाय की’ असं तुम्ही म्हणाल. २००३ च्या एका अभ्यासात रुग्णांना न सांगता त्यांची पावलं मोजली, तर दिवसभरातली जेमतेम २८ टक्के पावलं तो बूट घालून टाकलेली निघाली. ही माणसं बेफिकीर नव्हती. दुखत नसलं की विसरायला होतं. माझं डावं प्लॅस्टर ११ आठवडे होतं, पहिलं दोन-तीन दिवसांत बदललं आणि मग दर आठवड्याला. कंटाळा आला, झोप लागेना, पण जखम भरली.

बाबांना मात्र आत्ता प्लॅस्टर नको, कारण अंगठा काळा आहे आणि रक्ताचा हिशोब लागलेला नाही. तोवर व्हीलचेअर, कमोडची खुर्ची पलंगाजवळ, आणि टाच गादीवर टेकून राहू नये म्हणून पोटरीखाली उशी. पडून राहिलेल्या माणसाच्या टाचेला नवी जखम व्हायला एक रात्र पुरते.

संसर्गाबद्दल थोडक्यात. लाली, सूज, गरमपणा, पू यातलं काहीच नसेल तर अँटिबायोटिकने जखम लवकर भरत नाही. तीन कोर्स कशाच्या आधारावर दिले ते विचारा. वरवर बोळा फिरवून केलेल्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) कातडीवरचे कुठलेही जंतू येतात. जखम साफ करून आतल्या मांसाचा तुकडा पाठवायला हवा. जखमेत बारीक सळई घातली तर हाड लागतंय का, एमआरआय हवा का, हेही विचारा. नुसता एक्सरे पुरत नाही, हाड सडायला लागल्यावर तो बदल दिसायला दोन-तीन आठवडे जातात.

आता पाय काढण्याचं. मी ‘काहीही झालं तरी काढू नका’ म्हणणाऱ्यांतली नाही. टाच आतून कुजली असेल, रक्त आणायची एकही वाट उरली नसेल, किंवा विष अंगात भिनत असेल, तर गुडघ्याखालून काढणं जीव वाचवतं, आणि गुडघा शाबूत असला की कृत्रिम पायावर चालता येतं. पण एका वाळलेल्या अंगठ्यासाठी, दाब न मोजता, अँजिओग्राफी न करता, थेट गुडघ्याखालून? याला त्यांच्याकडे काय उत्तर आहे ते आधी ऐका आणि मगच सही करा. रक्त आणल्यावर फक्त अंगठा काढून भागतं, कधी कधी चवड्याचा काही भाग जातो. टाच आणि घोटा राहिले तर माणूस रात्री उठून स्वतःच्या पायावर बाथरूमला जातो. ते किती मोठं असतं, ते मला विचारा.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक : जखम नाही, दुखणं बेताचं, पण एकच पाऊल सुजून लाल आणि दुसऱ्यापेक्षा गरम झालंय, एक्सरेही स्वच्छ, असं असेल तर मुरगळलंय किंवा युरिक अॅसिड आहे म्हणून सोडू नका. शार्को पाय असू शकतो. त्यात आतली हाडं मऊ होऊन चुरतात. त्या पायावर चालणं लगेच थांबवा, चोळू-शेकू नका आणि दाखवा.

जखम भरली तरी धोका बराच काळ असतो, आणि तो जवळपास सगळ्यांनाच असतो : भरलेल्या जखमांपैकी सुमारे ४० टक्के वर्षभरात पुन्हा होतात, पाच वर्षांत ६५ टक्के. मी रोज रात्री आरशात दोन्ही तळवे बघते. घट्टा घरी ब्लेडने कापत नाही, कुरूपाची पट्टी लावत नाही, घरातही अनवाणी फिरत नाही, आणि बूट घालण्याआधी हात आत घालून चाचपते. एकदा त्यात खिळ्याचं टोक लागलं होतं. पायाला ते कधीच कळलं नसतं.

बाबांचा डावा तळवाही आजच उजेडात बघा, सगळा भार आता त्याच्यावर आहे. आणि बोटातला दाब, क्रिएटिनिन आणि मोजपट्टी शेजारी ठेवून काढलेला जखमेचा फोटो मिळाला की इथे टाका. मी बघते.