माझा 11 वर्षांचा क्लाउनफिश आजारी आहे की म्हातारा झालाय? कॉपर टाकू का?

कॉपर (तांब्याचं औषध) टाकू नका. मेन टँकमध्ये तर कधीच नको. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं: सांगलीत घरी समुद्री पाण्याचा टँक, जोडीतली 11 वर्षांची मादी, एका डोळ्यावर पांढरट पडदा, शेपटीच्या कडेला पांढरी गाठ गेला महिनाभर आहे तशीच, खाणं निम्म्यावर आलंय आणि दुकानदाराने कॉपरची बाटली दिलीय. यातलं एकही लक्षण कॉपरने बरं होणारं नाही.

आधी वयाचं बोलू. नीट सांभाळलेले क्लाउनफिश 20 वर्षांच्या पुढेही जगलेत. म्हातारपण माशाला हळूहळू मंद करतं, रंग फिका पडतो, पोहणं कमी होतं, पण हे सगळं महिनोन्‌महिने चालतं. आठवड्याभरात खाणं निम्म्यावर आलं तर त्यामागे काहीतरी कारण असतं आणि ते शोधायलाच हवं. ‘वय झालं’ म्हणून सोडून दिलेले कितीतरी मासे खरं तर पाण्याने मेलेले असतात.

गाठीची मला फारशी काळजी वाटत नाही. खोलीतले दिवे बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च काचेच्या बाजूने, तिरका धरा. समोरून उजेड मारला तर काहीच कळत नाही. तिरक्या उजेडात अंगावरचा प्रत्येक उंचवटा उठून दिसतो. गाठ फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी खडबडीत असेल आणि एकाच जागी टिकून असेल तर ते बहुतेक लिम्फोसिस्टिस. हा विषाणूजन्य प्रकार आहे, त्याला औषध नाही. बहुतेक वेळा पाणी आणि खाणं सुधारलं की ती आपोआप झडते. इच (परजीवीमुळे होणारा आजार) याचे ठिपके मिठाच्या दाण्याएवढे, अंगभर विखुरलेले असतात. तो परजीवी माशाच्या अंगावर 3 ते 7 दिवस राहतो, मग गळून वाळूत-दगडांत कोष करतो. म्हणून ठिपके येतात, जातात, पुन्हा येतात आणि ते गेले की लोकांना वाटतं औषध लागू पडलं. महिनाभर जागची न हललेली गाठ इच नसते. अंगावर पिठूळ, सोनेरीसर धूळ आणि जोरजोरात श्वास असं दिसलं तर ते व्हेल्व्हेट, हाही परजीवीचाच आजार. तेव्हा मात्र तासांचा हिशेब असतो, थांबू नका.

डोळ्याचं उत्तर ‘एकच की दोन्ही’ यात आहे. एकच डोळा गढूळ असेल तर बहुधा दगडाला घासून किंवा जोडीदाराशी झालेल्या भांडणातून इजा झालेली असते आणि ती स्वच्छ पाण्यात भरून येते. दोन्ही डोळे गढूळ झाले तर पाणी किंवा फ्लूक (माशाला चिकटणारे चपटे परजीवी कृमी) यांचा संशय घ्या. फ्लूक पारदर्शक असतात, माशावर दिसतच नाहीत. त्यासाठी गोड्या पाण्याची डुबकी द्या. काळ्या बादलीत आरओचं पाणी घ्या, त्याचं तापमान आणि पीएच टँकशी जुळवा (पीएच वाढवायला चिमूटभर खायचा सोडा), एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावा आणि माशाला 5 मिनिटं त्यात ठेवा. समोरून हलू नका. मासा आडवा होऊन निपचित पडला तर लगेच बाहेर काढा. फ्लूक असतील तर ते पांढरे पडून तिळाएवढ्या चकत्यांसारखे तळाशी गळतात आणि काळ्या बुडावर स्पष्ट दिसतात. दिसले तर प्राझिक्वांटेल हे कृमींवरचं औषध द्या. सध्या एकच डोळा गढूळ आहे आणि मादी थकलेली आहे, तेव्हा ही डुबकी आज नको.

आता पाणी. माझा सगळ्यात जास्त संशय इथेच आहे, कारण तुम्ही एप्रिलमध्ये विचारताय. सांगलीच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो, टँकचं पाणी झपाट्याने उडतं, मीठ मात्र मागेच राहतं. म्हणजे क्षारता चढत जाते. त्यातच पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि दुपारी लाइट गेली की पंप बंद. तरणा मासा हे निभावून नेतो, म्हाताऱ्याला ते झेपत नाही. समुद्री मासा सतत पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. क्षारता वाढली की ते काम आणखी वाढतं. रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं उपकरण) 35 पीपीटीच्या (हजार भागांत 35 भाग मीठ) द्रावणाने कॅलिब्रेट करून वाचा, फक्त आरओच्या पाण्यावर शून्य जुळवून भागत नाही. वाचन 35 च्या वर असेल तर दोन-तीन दिवसांत थोडं थोडं खाली आणा. उडालेल्या पाण्याच्या जागी नुसतं आरओचं पाणी घाला, मिठाचं नाही. नळाचं तर नकोच. पाण्यावर छोटा पंखा मारा, तापमान 26 च्या आसपास ठेवा, बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवा. अमोनिया आणि नायट्राइट शून्यच हवेत.

खायला बारीक चिरलेली कोळंबी किंवा मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) द्या, व्हिटॅमिनमध्ये भिजवून, दिवसातून तीन-चार वेळा चिमूटभर. न खाल्लेलं लगेच काढा.

मेडिकलमधून टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल आणून पाण्यात सोडायचा सल्लाही कुणीतरी देईलच. समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ते औषध बांधून टाकतं, माशापर्यंत फार थोडं पोचतं. जिवाणूंचा संसर्ग दिसलाच, म्हणजे पंख सडायला लागले किंवा अंगावर लाल चट्टे आले, तर अँटिबायोटिक खाण्यातून द्यावं लागतं आणि तेही वेगळ्या टँकमध्ये.

कॉपर कामाचं आहे, पण इच आणि व्हेल्व्हेटसाठी. मेन टँकमध्ये टाकलं तर कोरल, गोगलगायी, कोळंब्या मरतात आणि दगड ते शोषून घेतात. द्यायची वेळ आलीच तर साधा काचेचा टँक, स्पंज फिल्टर आणि लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा एवढं पुरे. बाटलीवर प्रकार नीट बघा: आयॉनिक (मोकळ्या) कॉपरची पातळी लिटरला 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम, तर चिलेटेडची (दुसऱ्या रसायनाने बांधलेल्या कॉपरची) 2 च्या आसपास, म्हणजे जवळजवळ दहापट. यात गल्लत झाली तर मासा हातचा जातो. कॉपरने भूकही मरते, म्हणून म्हाताऱ्या माशाला पातळी तीन-चार दिवसांत हळूहळू चढवायची.

तिचं पोट फुगून खवले उभे राहिले, वरून पाहिल्यावर कणसासारखी दिसायला लागली, तर आतले अवयव निकामी होत आलेत असं समजा. त्यातून मासा क्वचितच वाचतो. तेव्हा तिला तडफडू देऊ नका. लवंगतेल कोमट पाण्याच्या बाटलीत जोरात हलवून मिसळतात आणि टँकचं पाणी घेतलेल्या भांड्यात लिटरला साधारण 0.4 मिलि पडेल असं घालतात. कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही मासा निदान 10 मिनिटं त्यातच ठेवतात. तुमची मादी अजून खातेय, त्यामुळे ती वेळ आलेली नाही.

आज संध्याकाळी क्षारता, तापमान आणि अमोनिया मोजा. तिरक्या उजेडात दोन्ही बाजूंनी फोटो काढा. श्वासही मोजा: मिनिटभर कल्ले किती वेळा हलतात ते तिचं आणि नराचं वेगवेगळं लिहून काढा, म्हणजे तुलना होईल. हे सगळं खाली टाका. मी मिरजेत राहतो. रिफ्रॅक्टोमीटर नसेल तर माझा घेऊन जा.