नावं लक्षात राहत नाहीत म्हणून घाबरलेल्या ताई

(ओळख बदलली आहे.) मे महिन्यात नागपुरात धंतोलीतल्या माझ्या क्लिनिकमधे एक ताई आल्या, वय पन्नाशीचं, बँकेत नोकरी. बसल्या बसल्या म्हणाल्या, "मॅडम, मी सगळं विसरून राहिली. आईला शेवटी विसरण्याचाच आजार होता, मलेही तेच होऊन राहिलं का?"

काय विसरता विचारलं तर पर्समधून जाडजूड पुस्तक निघालं, 'क्राइम अँड पनिशमेंट' ही रशियन कादंबरी, आयुष्यात पहिल्यांदाच वाचत होत्या, तेही इंग्रजीतून. चाळीस पानं झाली की माणसं आठवत नाहीत, परत पान एक. "हा रोद्या कोण, रास्कोल्निकोव कोण, हा रोदियोन रोमानोविच मधेच कुठून आला?"

अहो, तिन्ही एकच माणूस आहे! त्या बघतच राहिल्या. आपल्याकडे नाही का, घरी बाळू, ऑफिसात देशमुख साहेब आणि सातबाऱ्यावर बापाच्या नावासकट अख्खं नाव, तसंच ते, रोमानोविच म्हणजे रोमानचा मुलगा.

तरी भीती खरी होती, ती हसण्यावारी न्यायची नसते. रोजचं विचारलं. बँकेचा हिशोब चुकतो का, रस्ता चुकतो का, तेच तेच परत विचारता असं घरचे म्हणतात का? काहीच नाही. असं काही असतं तर मी सरळ न्यूरोलॉजिस्टकडे पाठवलं असतं, तुमच्याही घरी कोणाला होत असेल तर वाट बघू नका. ताईंचं वाचन मात्र रात्री साडेअकराला, दिवसभर थकून, कूलरच्या घरघरीत, अन् त्या उकाड्यात झोपही धड नाही. अशा वेळी माझ्याही डोक्यात काही शिरत नाही.

मग एवढंच ठरवलं, एका कागदाच्या पट्टीवर नावं लिहायची, तीच खूण म्हणून पुस्तकात ठेवायची, अन् सकाळी चहासोबत दहाच पानं. त्यांना आठवड्यात संपवायची घाई होती, तेव्हा सांगितलं की दोस्तोयेव्हस्कीची ही कादंबरी १८६६ मधे मासिकात वर्षभर हप्त्याहप्त्यानं छापून येत होती, तिच्या पहिल्या वाचकांनीही पुढच्या महिन्याची वाटच बघितली.

तीन आठवड्यांनी आल्या. पट्टी दोन्ही बाजूंनी भरलेली, दुन्याच्या नावासमोर 'बहीण' असं लाल पेनानं. पण बोलल्या त्या घोडीबद्दल, स्वप्नात लहानगा रोद्या मारून टाकलेल्या घोडीच्या डोक्याला मिठी मारतो ना, ते. "चहा थंड झाला मॅडम, मी रडूनच राहिली होती."