पावडरचं इंजेक्शन, पाणी कुठलं?

वाचकांचे प्रश्न, औषधनिर्माणतज्ज्ञांची उत्तरं

पेप्टाइड (प्रथिनांच्या छोट्या साखळ्या) आणि प्रथिन वर्गातली बरीच औषधं पाण्यात फार दिवस तग धरत नाहीत, म्हणून कंपनी ती कोरडी करून कुपीत भरते. टोचायच्या वेळी त्यात पाणी घालायचं. या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांना औषधाबद्दल काही विचारायचं नाही. अडलंय ते पाण्यापाशी.

माझं आयव्हीएफ चालू आहे. एचएमजी (बीजांडं वाढवणारं हार्मोन) ७५ युनिटच्या खोक्यात पावडरची कुपी आणि पाण्याचा अँप्युल असतो. परवा अँप्युल हातातून पडून फुटला. मेडिकलवाल्याने १० मिलिचा प्लास्टिकचा ‘स्टराइल वॉटर’ दिला. तो वापरला तर चालेल का? आणि उरलेलं ९ मिलि फ्रिजमध्ये ठेवू का? – एक वाचक, नाशिक

आधी फुटलेल्या अँप्युलचं लेबल किंवा खोक्यातलं माहितीपत्रक बघा. तुम्ही त्याला ‘पाणी’ म्हणता, पण एचएमजीच्या काही ब्रँडसोबत ०.९ टक्के सोडियम क्लोराइड, म्हणजे सलाइन येतं, तर काहींसोबत साधं इंजेक्शनचं पाणी. दिसायला दोन्ही सारखीच. माहितीपत्रकात जे लिहिलंय तेच घ्यायचं आणि तितकंच घ्यायचं.

हा काटेकोरपणा कशासाठी? इंजेक्शनच्या पाण्यात मीठ नसतं, साखर नसते, काहीच नसतं. असं पाणी मोठ्या प्रमाणात थेट शिरेत गेलं तर तांबड्या पेशी फुगून फुटतात. कातडीखाली टोचायच्या १ मिलित तो धोका नाही, पण आग होते. म्हणून कंपनी पावडरमध्येच काहीतरी भर घालते. आयव्हीएफमध्येच लागणाऱ्या सेट्रोरेलिक्स या इंजेक्शनचं उदाहरण घ्या. ०.२५ मिलिग्रॅम औषधासोबत त्या कुपीत ५४.८ मिलिग्रॅम मॅनिटॉल (साखरेसारखा एक पदार्थ) असतं. १ मिलि पाणी घातलं की साधारण साडेपाच टक्क्यांचं द्रावण होतं आणि ते तीव्रतेत रक्ताच्या तोडीस तोड येतं. तिथे पाण्याऐवजी सलाइन घातलं तर द्रावण जवळपास दुप्पट तीव्र होईल. पाणी की सलाइन, हे त्या कुपीत आधीच काय आहे त्यावरून ठरलेलं असतं. मेडिकलवाल्याच्या किंवा आपल्या अंदाजावर ते सोडू नये.

पत्रकात ‘वॉटर फॉर इंजेक्शन’ असेल तर तुम्हाला मिळालेला अँप्युल चालेल. मात्र त्यावर ‘स्टराइल वॉटर फॉर इंजेक्शन आय.पी.’ (आय.पी. म्हणजे इंडियन फार्माकोपिया, औषधांच्या दर्जाचा भारतीय मानकग्रंथ) ही पूर्ण अक्षरं, बॅच नंबर, मुदत आणि उत्पादन परवाना क्रमांक हे सगळं हवं. नुसतं ‘स्टराइल वॉटर’ छापलेलं असेल तर तो परत करा. जखमा धुण्यासाठी आणि ऑक्सिजनच्या ह्युमिडिफायरसाठीही निर्जंतुक पाणी विकतात. ते टोचण्यासाठी नसतं. क्लिनिकला एक फोन करून घेतला तर उत्तम, बऱ्याच ठिकाणी सुटं द्रावक देतात.

उरलेलं ९ मिलि टाकून द्या. त्यात जंतू रोखणारं काहीच नाही, आणि उघडलेल्या अँप्युलला झाकणही नाही. फ्रिजच्या थंडाव्याने जंतूंची वाढ मंदावते, थांबत नाही. पाच-सात रुपयांच्या पाण्यासाठी हजारांचं इंजेक्शन धोक्यात घालण्यात काही अर्थ नाही.

आणखी एक, विचारलं नसलंत तरी. १० मिलिच्या अशाच अँप्युलमध्ये १५ टक्के पोटॅशियम क्लोराइडही मिळतं. ते विरळ न करता शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं, आणि त्याची पाण्याशी गल्लत झाल्याचे प्रकार रुग्णालयांतही घडले आहेत. घरात कुणाच्या आजारपणातले जुने अँप्युल पडले असतील तर ते पाण्याच्या डब्यात ठेवू नका. दर वेळी लेबल वाचूनच अँप्युल उघडा.

आमच्याकडे चांगला आरओ आहे. ते पाणी वीस मिनिटं उकळून किंवा कुकरमध्ये शिट्ट्या देऊन वापरलं तर काय बिघडेल? नाहीतर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर? – एक वाचक, कोल्हापूर

हा प्रश्न दर दोन-चार महिन्यांनी येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उकळल्याने बहुतेक जंतू मरतात, काहींचे बीजाणू मात्र जगतात. कुकरमध्ये पूर्ण दाबाखाली वाफेचं तापमान १२१ अंशांच्या आसपास जातं. एवढ्या वाफेत पंधरा मिनिटं राहिलं तर बीजाणूही मरतात, रुग्णालयातला ऑटोक्लेव्ह याच तत्त्वावर चालतो. म्हणजे पाणी निर्जंतुक झालं असं धरून चालू. घोटाळा पुढे आहे. मेलेल्या जंतूंचे अवशेष पाण्यातच राहतात. काही जंतूंच्या बाह्य आवरणातला एंडोटॉक्सिन नावाचा पदार्थ शरीरात टोचला गेला की थंडी वाजून ताप भरतो, रक्तदाब घसरू शकतो. प्यायल्यावर हाच पदार्थ निरुपद्रवी असतो, कारण पचनमार्गातून तो सहसा रक्तात शिरत नाही. टोचताना ही आडकाठी उरत नाही.

डॉक्टर इंजेक्शनं देऊ लागले तेव्हापासून हा ताप त्यांना छळत होता. त्याला ‘इंजेक्शनचा ताप’ असंच नाव पडलं होतं. डिस्टिल्ड पाणी वापरूनही तो यायचा. १९२३ मध्ये अमेरिकेत फ्लॉरेन्स सीबर्ट यांनी दाखवलं की दोष जंतूंनी मागे टाकलेल्या पदार्थाचा आहे. उकळत्या पाण्याचे बारीक तुषार वाफेबरोबर उडून पुढच्या भांड्यात जातात आणि तो पदार्थही सोबत नेतात. ऊर्ध्वपातनाच्या यंत्रात हे तुषार अडवायची सोय झाली तेव्हा ताप थांबला.

एंडोटॉक्सिन उष्णतेने नष्ट करायचं तर कोरडी उष्णता लागते: २५० अंशांवर अर्धा तास. काचेच्या कुप्या कारखान्यात अशा भाजतात. पाणी भाजता येत नाही, म्हणून ते मुळातच स्वच्छ बनवावं लागतं. इंजेक्शनच्या पाण्यात दर मिलिलिटरला एंडोटॉक्सिनची ०.२५ एककांहून कमी पातळी लागते. ती तपासायला पूर्वी सशांना पाणी टोचून त्यांचं तापमान मोजत. नंतर हॉर्सशू क्रॅब या समुद्री जीवाच्या रक्तापासून केलेली चाचणी आली. एंडोटॉक्सिन असेल तर ते रसायन गोठतं. स्वयंपाकघरात यातलं काहीच करता येत नाही. चव, वास, टीडीएस मीटरचा आकडा, यांपैकी कशावरूनही एंडोटॉक्सिनचा पत्ता लागत नाही. टीडीएस मीटर फक्त क्षार मोजतो.

बॅटरीचं पाणी तर त्याहून गेलेलं. ‘डिस्टिल्ड’ म्हणून मिळणारं पुष्कळसं पाणी खरं म्हणजे रेझिनमधून क्षार काढलेलं असतं. ओल्या रेझिनच्या मण्यांवर जंतू आनंदाने नांदतात. बॅटरीला क्षार चालत नाहीत, जंतूंचं तिला सोयरसुतक नाही.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलाच्या सोमाट्रोपिनच्या (वाढीच्या हार्मोनच्या) इंजेक्शनसोबत आलेल्या पाण्यावर ‘बॅक्टेरिओस्टॅटिक’ लिहिलंय. भारतात सासूबाईंच्या इंजेक्शनला साधं पाणी देतात. चांगलं कुठलं? – एक वाचक

दोन्ही चांगली, कामं वेगळी. बॅक्टेरिओस्टॅटिक पाण्यात ०.९ टक्के, म्हणजे मिलिलिटरला ९ मिलिग्रॅम, बेंझिल अल्कोहोल असतं. त्यामुळे एकाच कुपीत अनेकदा सुई घालता येते. तिकडे हे पाणी ३० मिलिच्या कुपीत मिळतं. अमेरिकन फार्माकोपियाच्या नियमाने, उत्पादकाने वेगळं सांगितलं नसेल तर, पहिल्यांदा सुई टोचल्यापासून २८ दिवसांनी ते टाकून द्यायचं, पाणी कितीही उरलेलं असो. पहिल्या दिवशीच तारीख कुपीवर लिहून ठेवा. खोक्यावर लिहू नका, खोकं हरवतं.

मात्र ‘बॅक्टेरिओस्टॅटिक’चा अर्थ जंतूंची वाढ रोखणारं, एवढाच. घाणेरडी सुई ते शुद्ध करत नाही आणि एंडोटॉक्सिनवर त्याचा काही उपाय चालत नाही. शिवाय २८ दिवसांची मुदत पाण्याची आहे. त्यात विरघळवलेलं औषध किती दिवस टिकेल हे औषधाच्या पत्रकावरून ठरतं, बहुतेकदा ती मुदत त्याहून कमी असते.

नवजात बाळाच्या कुठल्याही औषधात हे पाणी चालत नाही. बेंझिल अल्कोहोलचं पचन बाळाच्या यकृताला जमत नाही. नळ्या धुण्यासाठी असं द्रावण वापरल्याने अकाली जन्मलेली बाळं दगावल्यावर अमेरिकन एफडीएने १९८२ मध्ये इशारा दिला होता. बेंझिल अल्कोहोलची ॲलर्जी असलेल्यांना साधं पाणी देतात आणि मग कुपी एका वेळेपुरतीच वापरायची असते. काही ब्रँडच्या सोमाट्रोपिनच्या द्रावकात बेंझिल अल्कोहोलऐवजी मेटाक्रेसॉल हे जंतू रोखणारं दुसरं रसायन असतं. तेव्हा एका कंपनीची पावडर आणि दुसऱ्या कंपनीचं द्रावक अशी सरमिसळ करू नका.

एचसीजी (गर्भधारणेच्या उपचारातलं हार्मोन) ५००० युनिटची कुपी, १ मिलि पाणी. डॉक्टरांनी १५०० युनिट सांगितले आहेत. इन्सुलिनच्या सिरिंजवर किती रेघा? हलवल्यावर फेस येतो, तोही चालतो का? – एक वाचक, पुणे

५००० युनिट १ मिलित, म्हणजे १५०० युनिट ०.३ मिलित. इथवर सरळ आहे. खरी गोम सिरिंजमध्ये आहे, कारण आपल्याकडे इन्सुलिनच्या सिरिंज दोन प्रकारच्या मिळतात. लाल टोपणाची यू-४० आणि नारिंगी टोपणाची यू-१००. यू-१०० मध्ये १ मिलिचे १०० भाग, म्हणून ०.३ मिलि म्हणजे ३० युनिटची रेघ. यू-४० मध्ये १ मिलिचे ४० भाग, म्हणून तेच ०.३ मिलि १२ युनिटच्या रेघेवर येतं. चुकून यू-४० वर ३० पर्यंत ओढलं तर ०.७५ मिलि येईल, म्हणजे ३७५० युनिट, अडीचपट. सिरिंजवरचे ‘युनिट’ इन्सुलिनचे असतात, एचसीजीच्या युनिटशी त्यांचं काही नातं नाही. डॉक्टरांकडून मात्रा मिलिलिटरमध्ये लिहून घ्या आणि शक्य असेल तर मिलिच्या खुणा असलेली १ मिलिची सिरिंज वापरा.

साध्या पाण्यात कालवलं असेल आणि पत्रकात साठवणीला परवानगी नसेल, तर उरलेले ३५०० युनिट टाकावे लागतात. एचसीजी २००० युनिटच्या कुपीतही मिळतं. ती चालेल का, हे डॉक्टरांना विचारा, नासाडी कमी होईल.

फेसाबद्दल. कुपी जोरजोरात हलवायची नसते. प्रथिनाचे रेणू हवा आणि पाणी जिथे भेटतात तिथे उलगडतात आणि एकमेकांना चिकटून गोळा होतात. फेस म्हणजे असा पृष्ठभाग कितीतरी पटीने वाढवणं. दोन्ही कुप्या आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. रबरी बूच अल्कोहोलच्या बोळ्याने पुसून वाळू द्या, फुंकर घालून वाळवू नका. सुई तिरकी धरून, तिरपं कापलेलं तोंड वर ठेवून बुचात घाला, म्हणजे रबराचा तुकडा कापून आत पडत नाही. पाण्याची धार थेट पावडरवर न सोडता काचेच्या कडेने सावकाश सोडा. मग कुपी तळव्यांमध्ये धरून हळू गोल फिरवा आणि मिनिट-दोन मिनिटं वाट बघा. द्रावण नितळ दिसलं पाहिजे. गढूळपणा, धागे किंवा कण दिसले तर टोचू नका. साखर एकदम उतरल्यावर द्यायच्या ग्लुकॅगॉनच्या इंजेक्शनमध्ये तर मिश्रण ठेवून दिलं की जेलीसारखं होऊ शकतं, म्हणून ते आयत्या वेळीच कालवतात.

काचेचा अँप्युल फोडताना काच आत पडते का? – एक वाचक, जळगाव

बारीक कण पडू शकतात. मानेवर ठिपका असेल तर तो आपल्या बाजूला धरा, मान पुसून गॉझमध्ये पकडा आणि मागच्या दिशेने मोडा. अँप्युल अर्धा मिनिट उभा ठेवा. सुईचं टोक अगदी तळाला टेकवू नका. फिल्टर सुई मिळाली तर पाणी तिने ओढा आणि टोचण्याआधी सुई बदला.

टिर्झेपाटाइडच्या (मधुमेह आणि वजनासाठीचं इंजेक्शन) कुपीत पाणी घालून ती दोनदा पुरवता येईल का? – एक वाचक, मडगाव

नाही. ते तयार द्रावण आहे, एका वेळेसाठीच आहे आणि त्यात जंतू रोखणारं परिरक्षक नाही. मात्रा कमी हवी असेल तर कमी ताकदीची कुपी घ्यायची.

जिममधल्या ट्रेनरने बीपीसी-१५७ ची पावडर आणि लेबल नसलेली पाण्याची कुपी दिली. पाणी मेडिकलमधून घेतलं तर सुरक्षित होईल ना? – एक वाचक, ठाणे

नाही. तुमची शंका पाण्यावर आहे, आमची पावडरवर. बीपीसी-१५७ हे माणसांसाठी मंजूर झालेलं औषध नाही. कुपीवर ‘फक्त संशोधनासाठी’ असं लिहिलेलं असतं ते त्यासाठीच. त्या कुपीत नेमकं काय आहे, किती आहे, ती निर्जंतुक आहे का, एंडोटॉक्सिन किती आहे, याची जबाबदारी कुणीच घेतलेली नाही. कितीही शुद्ध पाणी घातलं तरी पावडरमधली घाण त्यात विरघळून तुमच्या अंगातच जाणार. स्पर्धांमध्ये उतरत असाल तर हेही लक्षात असू द्या की २०२२ पासून हे पेप्टाइड वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) बंदी यादीत आहे. एव्हाना टोचून घेतलं असेल आणि थंडीताप किंवा टोचल्या जागी लाली, गाठ, पू दिसत असेल तर डॉक्टरांना काय टोचलं ते न लाजता सांगा. त्याशिवाय त्यांना नेमके उपचार करता येणार नाहीत.

पाणी कुठून घ्यावं? खराब निघालं तर तक्रार कुणाकडे? – एक वाचक, सोलापूर

परवाना भिंतीवर लावलेल्या मेडिकलमधून, बिलावर बॅच नंबर घालून. ऑनलाइन घेणार असाल तर नोंदणीकृत फार्मसीकडूनच. सौंदर्यप्रसाधनं किंवा जिमचं सामान विकणाऱ्या दुकानातून नको. घरी आणल्यावर अँप्युल उजेडात, आधी काळ्या आणि मग पांढऱ्या कागदासमोर धरून बघा. प्लास्टिकचा असेल तर हलकेच दाबा, थेंब आला तर तो गळका आहे.

संशय आला तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात औषध निरीक्षकाकडे तक्रार करता येते. टोचल्यावर त्रास झाला असेल तर भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावरही कळवा. रुग्ण स्वतःही कळवू शकतो. रिकामा अँप्युल, उरलेलं पाणी, खोकं आणि बिल एकत्र पिशवीत ठेवा आणि त्याच बॅचचा एखादा न उघडलेला अँप्युल असेल तर तोही जपून ठेवा. तपासणीला उघडलेल्यापेक्षा बंद अँप्युल जास्त उपयोगी पडतो, कारण उघडलेल्यात जंतू सापडले तर ते कारखान्यातले की तुमच्या ओट्यावरचे, हे सांगता येत नाही.